हात वर असेपर्यंत

बाईंचा डावा हात वर गेला की मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. तळवा पुढे, बोटं जुळलेली, हात कानाच्या जरा वर. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीने करावा तसा. तो हात वर आहे तोवर कॅमेरा चालू, खाली आला की बंद. दुसरी खूण नाही. टीव्ही आणि माहितीपटांच्या धंद्यात हयात घालवलेली ही दिग्दर्शिका, पण शूटिंग करताना 'कट' हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही.

नवा होतो तेव्हा मी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "कट म्हटलं की माणूस सुटतो रं गड्या. आणि सुटलेला माणूसच तर आपल्याला पायजे असतो."

मी काही समजल्यासारखी मान हलवली. समजलं मात्र सांगलीत, एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या दारात. तिथे जमिनीत खोल खणलेली हळद साठवायची पेवं असतात, त्यांच्यावर फिल्म चालली होती. व्यापारी कोट घालून बसले होते. हळदीचा इतिहास, हळदीचे गुण, हळदीचं भवितव्य असं सगळं त्यांनी सत्कार समारंभात बोलावं तसं बोलून टाकलं आणि शेवटी कॅमेऱ्याला धन्यवादही दिले. मी बाईंकडे पाहिलं, तर हात वरच. व्यापाऱ्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आत चहा टाकायला सांगितलं आणि पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसून खाली बघत राहिले. मग कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "पूर्वी हे तोंडापत्तुर भरायचं. आता आत उतरलं की माझाच आवाज मला परत येतो."

तेव्हा हात खाली आला. सगळ्या भाषणातलं फिल्ममध्ये एवढंच राहिलं. व्यापारी आधी रुसले, कारण कोट खास इस्त्रीचा होता. नंतर मात्र येईल त्या पाव्हण्याला 'आम्ही काम केलेली फिल्म' म्हणून सांगायला लागले.

आता मी बाईंच्या हाताखाली कसा आलो ते सांगतो. मी कडेगावचा, लग्नाचं शूटिंग करणारा. बाईंचा पुण्याहून आणलेला कॅमेरामन पहिल्याच दिवशी आमच्याकडच्या तांबड्या रश्श्यापुढे आडवा झाला होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. बाई स्टुडिओत आल्या, भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो बघितले न बघितल्यासारखे केले आणि मला विचारलं, "लग्नात नवरीची आई रडायला कुठं जाते?"

मी म्हटलं, "मांडवामागं. आचाऱ्याच्या चुलाणापाशी. धुरानं डोळ्यात पाणी आलं म्हणून सांगता येतं."

"चल," बाई म्हणाल्या. ती माझी मुलाखत आणि तीच माझी नेमणूक.

बाई मूळच्या खंडाळा तालुक्यातल्या. वडील फौजेत. पुण्यात शिक्षण, मग मुंबईत टीव्हीवर बरीच वर्षं. पाककृती केल्या, प्रश्नमंजूषा केल्या, सासू-सुनांची एक लांबलचक मालिकाही केली. त्या मालिकेचं नाव काढलं की बाई कान धरायच्या. पुढे सगळं सोडून सातारा-सांगलीच्या गावांतून फिरत माहितीपट करायला लागल्या. बाईंना मोठं माणूस बघून कधी काही झालं नाही. पण एखादा म्हातारा सायकलला हार घालताना दिसला, एखादी बाई बांधावर बसून आरशात न बघता कुंकू लावताना दिसली, की त्या गाडीचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी बडवायच्या. "थांबव, थांबव, हे बघ, हे बघ!" ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबायचा. मागची माणसं शिव्या द्यायची. बाई तोवर खाली उतरून निम्म्या रानात पोचलेल्या असायच्या. साठीला आलेल्या बाईला एवढा आनंद होताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर नशीबवान आहात.

आणि एवढी घाई असूनही पहिल्या दिवशी कॅमेरा गाडीतून बाहेर काढायचा नाही, हा नियम. पहिला दिवस जेवायचा. साताऱ्याकडच्या एका फौजी गावात आम्ही दिवसभरात इतक्या घरी जेवलो की संध्याकाळी मला पायऱ्या चढवेनात. बाई मात्र कुठल्या घरी मुलाचं पत्र आलं, कुठल्या घरी फोन आला नाही, सगळं पोटात साठवून ताज्यातवान्या.

दुसरा नियम याहून कडक होता. गावाला आधी. फिल्म झाली की पहिल्यांदा ती त्याच गावात, शाळेच्या भिंतीवर चादर बांधून दाखवायची. मुंबई, पुणे, बक्षिसं, परदेश, सगळं नंतर. औंधजवळच्या एका गावात लोकांना पडद्यावरचा आपल्या गावचा बैल इतका आवडला की त्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावायला लावला आणि मूळ फिल्म बाजूलाच राहिली. एका गावात एकाने आपलं पारावर घोरतानाचं चित्र काढून टाकायला सांगितलं. बाई त्याच्याशी तासभर भांडल्या आणि मग काढलं.

या नियमामागची गोष्ट बाईंनी एकदाच सांगितली. सुरुवातीच्या काळात त्यांनी एका कुंभारणीवर टीव्हीसाठी लहानशी फिल्म केली होती. ती लागली तेव्हा कुंभारणीच्या घरी टीव्ही नव्हता. तिने स्वतःला पाहिलं ते दुसऱ्याच्या ओसरीवर, चार बायकांच्या मागे उभं राहून. पडद्यावर ती नवऱ्याच्या आठवणीने रडत होती आणि ओसरीवरच्या बायका वळून वळून तिच्याकडे बघत होत्या. बाई पुढे भेटायला गेल्या तेव्हा ती फक्त म्हणाली, "मला इचारायचं तरी." आणि आत निघून गेली. हे सांगताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

तर आता भोंग्याची गोष्ट.

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी सातला मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजतो. वाजला की गावातले टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं पारावर, ओट्यावर. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की पुन्हा सगळं चालू. हे सुरू केलं आक्कांनी. आक्का म्हणजे अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. भोंग्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली. सरपंच बदलले, किल्ली बदलली नाही.

बाईंनी हे ऐकलं आणि डॅशबोर्डची धडगत राहिली नाही. आम्ही वर्षभर त्या गावात जात-येत होतो. आक्कांनी आम्हाला भोंग्याच्या वेळातही शूटिंग करू दिलं. त्यांचा हिशेब साधा होता. टीव्हीकडं माणूस बघतो, कॅमेरा माणसाकडं बघतो, मग बघू द्या की.

आक्कांची मुलाखत आम्ही त्यांच्या घरामागच्या परड्यात घेतली. पोरांचा अभ्यास, शिस्त, संस्कार, असं त्या छान बोलल्या. अंगणवाडीत तपासणीला साहेब आल्यावर बोलत असतील तसंच. मग संपलं समजून त्यांनी सूप ओढलं आणि शेंगा निवडायला घेतल्या. बाईंचा हात वर होता.

शेंगा निवडता निवडता आक्का म्हणाल्या, "खरं सांगू का बाई? घरात पाच माणसं आन् पाच फोन. मी बोलायची ती भिंतीला. भोंगा वाजला की समदी मान वर करत्यात. तवा मी दिसते त्यास्नी. तेवढ्यासाठी वाजिवला म्या."

मी कॅमेऱ्यामागे होतो म्हणून माझे डोळे कुणाला दिसले नाहीत.

एडिटिंगच्या वेळी हे वाक्य आलं आणि बाई थांबल्या. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट आक्कांच्या घरी. मुलगा-सून रानात होते. बाईंनी ते वाक्य आक्कांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि ठेवू का काढू असं विचारलं. आक्का बराच वेळ भाजी निवडत राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "खोटं न्हाई ते. पर ल्योकाला, सुनंला, गावाला कळंल तवा मी तितं असली पायजे. माझ्या माघारी न्हाई कळायचं."

"शब्द दिला, आक्का," बाई म्हणाल्या.

फिल्मचं नाव ठेवलं 'सात ते साडेआठ'. ती एका मोठ्या वाहिनीने घेतली. बाईंच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती. इतकी वर्षं त्यांच्या फिल्म लोक आदराने टाळत आले होते. पण वाहिनीची अट अशी, की टीव्हीवर लागण्याआधी फिल्म कुठेही दाखवायची नाही. गावातही नाही. बाई खूप भांडल्या. शेवटी एवढ्यावर आल्या की आधी नाही तर नाही, पण सगळ्या महाराष्ट्राबरोबर एकाच वेळी गावाने बघावी. देवळासमोर मोठा टीव्ही लावायचा, समोर सगळं गाव आणि मधोमध आक्का. दिलेला शब्द राहत होता.

मग तो फोन आला. आम्ही औंधच्या रस्त्याला होतो. फोन ठेवून बाईंनी असा काही डॅशबोर्ड बडवला की त्याचं झाकण निघून माझ्या मांडीवर पडलं. वाहिनीतल्या कुणाच्या तरी डोक्यात झकास कल्पना आली होती. फिल्मचं नाव 'सात ते साडेआठ', मग दाखवायचीही सात ते साडेआठ! रविवारी, घराघरात गर्दीच्या वेळेला. बाई नाचायच्या बाकी होत्या. मीही ओरडत होतो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पेढे घेतले आणि दुकानदारालाच पहिला खायला लावला. सरपंचांना फोन केला. तेही इतके हरखले की त्यांनी लगोलग देवळाच्या स्पीकरवरून पुकारलं, की येत्या रविवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता समस्त ग्रामस्थांनी टीव्हीसमोर हजर राहावं.

ते पुकारणं ऐकून गावात टाळ्या वाजल्या म्हणे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वर्षभर भोंग्याखाली राहिलेल्या आमच्या नाही, वर्षानुवर्षं भोंगा ऐकणाऱ्या गावाच्याही नाही. आक्का तेवढ्या घरातून निघून देवळापाशी आल्या आणि त्यांनी सरपंचांना एकच गोष्ट विचारली.

"कितीला म्हनलास?"

सरपंचांचा दुसरा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. तो तसाच राहिला.

आम्ही गाडी वळवली. देवळासमोर गाव जमलं होतं. सरपंचांचं म्हणणं, एक दिवस भोंगा नको, गावाचं नाव होतंय. बऱ्याच माना हलल्या. आक्का उभ्या राहिल्या.

"आज फिल्लम हाय, उद्या किरकेटची म्याच हाय, परवा कुणाचं भाषण हाय. एकडाव सोडला की भोंगा ऱ्हात न्हाई, पिपानी हुती त्येची."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, आक्कांचं बरोबर आहे, भोंगा बंद ठेवून भोंग्याची फिल्म बघण्याएवढी मी निर्लज्ज नाही.

गाडीत बसल्यावर मात्र त्यांचं हसू गेलं. वाहिनीला फोन केले, पण वेळ ठरलेली, जाहिराती लागलेल्या. उलट तिकडून आग्रह झाला, की रविवारी मुंबईत स्टुडिओत या, फिल्मआधी तुमची मुलाखत आहे, सत्कार आहे. बाईंनी फोन मांडीवर ठेवला.

"गड्या, सात ते साडेआठ सगळ्या महाराष्ट्राला आक्कांचं वाक्य कळणार. आणि साडेआठला फोन चालू झाले की आक्कांच्या सुनेला ते तिच्या माहेरचं कुणीतरी सांगणार. मी काय शब्द दिला होता?"

घाटभर बाईंनी डॅशबोर्डला हात लावला नाही, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी भीती वाटली.

उतारावर त्या एकदम ताठ बसल्या. "आधी दाखवू नका म्हणते वाहिनी, सातला टीव्ही नको म्हणतो भोंगा. सांगू नका असं कुणी म्हटलंय?"

रविवारी मुंबईच्या स्टुडिओत बाईंची खुर्ची रिकामी राहिली. बाई पारावर बसल्या होत्या. अंगावर नवी इरकली साडी, मनगटावर घड्याळ. वाहिनीकडून त्यांनी कुठल्या जाहिराती कधी हे सगळं काढून आणलं होतं. सातला भोंगा झाला. घराघरांतले आवाज बंद पडले. सगळं गाव पारापाशी आलं. आक्का पुढच्या रांगेत, शेजारी मुलगा आणि सून.

"आता सुरू झाली," बाई म्हणाल्या. "आत्ता, या घटकेला, सगळ्या महाराष्ट्राला आपलं देऊळ दिसतंय. पहाटेचं. कळसावर कावळा आहे."

मी ती फिल्म शूट केलेली, मला पाठ होती. तरी मीच पुढे सरकून बसलो. बाई सांगत होत्या, घड्याळ बघत होत्या, हात नाचवत होत्या. आता तुझी म्हैस. आता तुमचं भांडण. आता ही शाळा. "आणि आता जाहिरात, साबणाची, पाणी पिऊन घ्या." गाव खदखदा हसत होतं. एक पैलवान गडी मध्येच उठून पडद्यावर म्हटलेलं वाक्य स्वतः म्हणाला, तर त्याच्या बायकोने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. एकाने आपला प्रसंग कधी येणार म्हणून तीनदा विचारलं. बाईंनी तो काढला होता. त्यांनी ते सांगितल्यावर तो इतका हिरमुसला, की बाईंनी तो प्रसंगही सांगून टाकला. कोपऱ्यात माझा कॅमेरा चालू होता.

मग बाईंचा आवाज बदलला. "आता आक्का आहेत. परड्यात बसल्यात. मुलाखत संपलीय असं त्यांना वाटतंय. शेंगा निवडतायत."

बाईंनी आक्कांकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी म्हणायचं होतं. पण त्यांनी म्हटलं नाही. त्यांचा डावा हात हळूहळू कानाच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

आक्कांनी हात बघितला. मग मुलाकडे न वळता, समोर बघत त्या म्हणाल्या, "घरात पाच माणसं आन् पाच फोन. मी बोलायची ती भिंतीला. भोंगा वाजला की समदी मान वर करत्यात. तवा मी दिसते त्यास्नी. तेवढ्यासाठी वाजिवला म्या."

बाईंचा हात वरच होता. आक्कांच्या सुनेने पदर तोंडाला लावला, मग ती सरकून आक्कांच्या अगदी जवळ आली. "आत्ती, आवं, मला वाटायचं तुमालाच आमचं बोलणं नको आसतं," ती म्हणाली. मुलगा मातीत रेघा ओढत बसला होता. आक्कांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

तेव्हा कुठे हात खाली आला. बाईंनी घड्याळ बघितलं आणि फिल्म पुढे सुरू केली.

शेवट जवळ आला. बाई म्हणाल्या, आता फक्त नावं राहिली, या गावातल्या सगळ्यांची नावं खालून वर जातील, ती काही मला पाठ नाहीत. लोक हळहळले. तेवढ्यात आक्का उठल्या. पदराची किल्ली सोडत देवळाकडे गेल्या. भोंगा वाजला. मी घड्याळ बघितलं, साडेआठ वाजायला अजून थोडा अवकाश होता. ज्या आक्कांनी मॅचसाठी, भाषणासाठी, खुद्द फिल्मसाठी भोंगा हलवला नव्हता, त्यांनी तो आधी वाजवला.

"घड्याळ म्होरं गेलंय जनू," परत येताना आक्का म्हणाल्या.

आणि मग काय पळापळ झाली म्हणता! अख्खं गाव चपला सोडून घराकडे धावलं. जे घर जवळ दिसलं त्यात घुसलं. सगळ्या महाराष्ट्राने बघितलेल्या फिल्मची या गावाने आधी बघितली ती फक्त नावं. ती भराभर वर सरकत होती आणि प्रत्येक घरातून आरोळ्या येत होत्या, "त्ये बघ, आण्णा!", "गेलं, गेलं माझं!" आक्कांच्या ओट्यावर बाई आक्कांचा हात धरून उभ्या होत्या. सगळ्यात शेवटी बाईंचं नाव आलं तेव्हा बाई चहाच्या कपात बघत होत्या. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "ते मला माहीत आहे रं."

दुसऱ्या दिवशी चादर बांधून फिल्म दाखवली. सगळ्यांचं मत पडलं की बाईंनी सांगितलेली जास्त चांगली होती.

बाई गेल्या त्या यंदाच्या उन्हाळ्यात. सकाळी चहा पिता पिता, पुढच्या फिल्मबद्दल फोनवर कुणाला तरी भरभरून सांगत असताना. मला वाईट वाटलं, तसा रागही आला. अजून येतो. गाडीत पुढच्या सीटवर मी आता कुणाला बसू देत नाही.

गावाने बोलावलं म्हणून गेलो. सातचा भोंगा झाला, सगळे पारापाशी बसले. फोटो नाही, हार नाही, भाषण नाही. ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं असं ठरलं. हसणंच जास्त झालं. पैलवानाने पुन्हा आपलं वाक्य म्हटलं आणि बायकोने पुन्हा दुरुस्त केलं. मी कॅमेरा नेला होता. कधी चालू केला ते माझं मलाच कळलं नाही.

साडेआठ झाले. सरपंचांनी घड्याळ बघितलं, आक्कांकडे बघितलं. किल्ली आक्कांच्या पदरालाच होती. त्यांना उठवत नसेल, आपण जाऊ, असं वाटून सरपंच उठायला लागले.

आक्कांनी डावा हात कानाच्या जरा वर नेला. तळवा पुढे, बोटं जुळलेली.

सरपंच खाली बसले. त्या दिवशी दुसरा भोंगा झालाच नाही.